७९२ वरची खरखर आणि खोडदची बस

ए-५०२ आजोबा: नमस्कार मंडळी. गेले काही दिवस सकाळी सातच्या सुमाराच्या प्रादेशिक बातम्या नीट लागतच नाहीत, आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झवर नुसती खरखर. पेठेतल्या घरी असं कधी व्हायचं नाही. रेडिओ दुरुस्त करणारं कोणी माहितीये का जवळपास?

सी-७०१: आजोबा मोबाईलवर न्यूज ऑन एअर अ‍ॅप टाकून देऊ का? पुणे केंद्र एकदम क्लिअर ऐकू येतं. संध्याकाळी येतो.

ए-५०२ आजोबा: ये नक्की. पण मला उशाशी रेडिओच लागतो रे.

बी-३०४ काकू: आजोबा दुरुस्तीला द्यायची घाई करू नका, आधी एवढं करा. रेडिओ सेलवर लावा आणि बाल्कनीच्या दाराशी ठेवा, भिंतीत सळया असतात त्यामुळे आतल्या खोलीत मीडियम वेव्ह नीट पोचत नाही. मग खोलीतले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, वायफायचा अडॅप्टर एकेक करून बंद करत जा, कुठला काढल्यावर खरखर थांबते ते लगेच कळेल. एफएमवर हे एवढं जाणवत नाही, मीडियम वेव्हला फार होतं. आणि सेट हळूहळू फिरवून बघा, आत फेराइटची आडवी कांडी असते तीच मीडियम वेव्हची एरियल, एका बाजूला तोंड केलं की आवाज उघडतो दुसऱ्या बाजूला पडतो. वरची दांडी एफएमसाठी असते, ती कितीही ताणली तरी ७९२ ला उपयोग नाही.

ए-५०२ आजोबा: सापडलं!! सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर. तो काढला आणि आज अख्ख्या बातम्या ऐकल्या. शेवटी खोडदच्या दुर्बिणीबद्दल काहीतरी सांगत होते, तेवढ्यात दूधवाला आला.

सेक्रेटरी: छान झालं आजोबा. फक्त एक विनंती, हा ग्रुप मेंटेनन्स आणि पाण्यासाठी आहे, काल टँकरचा मेसेज खाली गेला आणि निम्म्या लोकांना कळलंच नाही.

बी-३०४ काकू: सर तुमचं बरोबर आहे, टँकरचा मेसेज हरवायला नको. पण मला याच ग्रुपवर एक गोष्ट मांडायचीये, जरा मोठं आहे, वाचा सगळ्यांनी.

आपल्याला हल्ली शहरात काय चाललंय ते कळतच नाही. मोबाईल आपण आधी बघितलेलंच पुन्हा दाखवतो, क्रिकेट बघितलं की क्रिकेट आणि रेसिपी बघितली की रेसिपी. रेडिओचं तसं नाही, आजोबांनी खोडदबद्दल काही शोधलं नव्हतं, ते पाण्याच्या बातमीसाठी बसले होते आणि खोडद कानावर पडलं. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं तेव्हा पुण्यातून एवढा विरोध झाला की तो निर्णय थांबवावा लागला, तो विरोध याचसाठी झाला असं मला वाटतं. १९५३ पासूनचं केंद्र आहे हे, १९५५-५६ मध्ये गीतरामायणाची ५६ गाणी इथूनच आठवड्याला एक अशी गेली. नवीन गाणं कधी आहे हे तेव्हा कोणाला शोधावं लागत नव्हतं.

मे २०२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले तेव्हा या ग्रुपवर किती श्रद्धांजलीचे मेसेज आले. पण त्यांनी १९८८ मध्ये उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे आणि तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेतल्या मुलांसाठी शास्त्रज्ञ व्याख्यान देतात, आपल्या सोसायटीतली किती मुलं गेलीत? पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात कॉलेजची मुलं एकांकिका करतात, इतकं जिवंत नाटक मी मोठ्या थिएटरातही क्वचित बघितलंय, आणि आपल्याला कळतं केव्हा तर पेपरात निकाल आल्यावर. सवाई गंधर्व संगीत महोत्सव तेवढा सगळ्यांना माहीत असतो.

तर माझं म्हणणं, गुरुवारी रात्री एकच मेसेज, त्या आठवड्यातले कार्यक्रम, कुठे, किती वाजता, तिकीट आहे का. तो मी टाकीन, जबाबदारी माझी.

सेक्रेटरी: एकच मेसेज असेल तर माझी काहीच हरकत नाही काकू. खाली चर्चा मात्र नको, ज्याला विचारायचंय त्याने तुम्हाला फोन करावा.

ए-२०३: काकू खूप गरज होती याची. आमचा नववीत आहे, दिवसभर यूट्यूबवर ब्लॅक होल बघतो आणि आयुका कुठे आहे ते त्याला माहीत नाही. ते खोडदचं काय आहे नक्की?

बी-३०४ काकू: जीएमआरटी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण. नारायणगावजवळ, पुण्याहून साधारण ८० किलोमीटर. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सरांनी उभी केली. डिश म्हणजे पत्रा नाही, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, आरपार दिसतं. मोठ्या लांबीच्या रेडिओ लहरींना ती भोकं जाणवत नाहीत आणि वारा मधून निघून जातो, म्हणून एवढी मोठी डिश हलकी आणि कमी खर्चात झाली, हे डोकं मला फार आवडतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या निरीक्षणांतून एका दीर्घिकेतल्या (गॅलेक्सीतल्या) हायड्रोजनचा सिग्नल जाहीर झाला, तो निघाला तेव्हा २१ सेंटीमीटरची लहर होती, इथे पोचेपर्यंत विश्व प्रसरण पावल्यामुळे ताणून ४८ सेंटीमीटर झाली, जवळजवळ ८८० कोटी वर्षांचा प्रवास. आणि आजोबांच्या अडॅप्टरसारखाच तिथेही त्रास, म्हणून आवारात मोबाईल बंद ठेवायला सांगतात.

ए-२०३: बापरे. बघायला देतात का?

बी-३०४ काकू: २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने लोकांसाठी खुलं असतं, शाळांची प्रदर्शनंही असतात. यंदाची वेळ त्यांच्या वेबसाइटवर बघून टाकते.

सी-७०१: मिनीबस करूया का? माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, रेट विचारतो. घरातून दोन जण धरा माझ्याकडून.

ए-५०२ आजोबा: मला यायचंय. जास्त चालणं नसेल तर.

बी-३०४ काकू: आजोबा तुमची पुढची सीट पक्की, उन्हाची टोपी घ्या. सी-७०१ तू रेट आला की सांग. मुलं असतील त्यांनी वय टाका नावापुढे, नावं मला पर्सनलवर, इथे नको, टँकर यायचाय.