मदत हवी आहे: अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलू की नुसती वायर?

मंडळी, गाडी 2003ची, पेट्रोल. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मिणमिणतो, सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. बॅटरी नवीच आहे, बेल्टही ताणून घेतला. इलेक्ट्रिशियनचं एकच पालुपद, अल्टरनेटर बदला. काल मल्टिमीटर लावला. इंजिन आणि हेडलाइट चालू असताना अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर 14.2 व्होल्ट, बॅटरीवर मात्र 12.9! अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचं निगेटिव्ह, फरक जेमतेम 0.05. म्हणजे अर्थिंग ठीक, मधली पॉझिटिव्ह वायर किंवा मेन फ्यूजच व्होल्ट खातोय ना? फ्यूजच्या डब्याजवळ वायरचं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालंय, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) हिरवं पडलंय. घासून भागेल की अख्खी वायरच बदलू? 65 अँपिअरच्या अल्टरनेटरला किती स्क्वेअर एमएमची घ्यावी?