सहावीचे अ‍ॅडव्हान्स्ड गणित (टेक्सास): निवड कशी होते आणि नकार द्यावा का?

प्रश्न

आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून डॅलसजवळच्या एका उपनगरात राहायला आलो. मुलीची पाचवी संपली आणि शाळेकडून पत्र आले, की सहावीत तिला अ‍ॅडव्हान्स्ड गणिताच्या वर्गात आपोआप घातले जाईल. पालकांना ते नको असल्यास तसे कळवावे. आम्ही अर्ज केलेला नव्हता. तिची आकडेमोड जलद आहे, परंतु शाब्दिक उदाहरण आले की ती अडखळते. ही निवड कशाच्या आधारे होते, आणि आत्ता नकार दिला तर पुढची वाट बंद होते का?

प्रतिसाद १

हे २०२३ च्या राज्य कायद्यामुळे, म्हणजे सिनेट बिल २१२४ मुळे झाले आहे. पाचवीच्या गणिताच्या स्टार (STAAR, राज्याची वार्षिक परीक्षा) परीक्षेत किंवा तशा स्थानिक चाचणीत जी मुले वरच्या ४० टक्क्यांत येतात, त्यांना सहावीत या वर्गात घालणे शाळांवर बंधनकारक आहे. नकाराचा अधिकार पालकांचा. जिथे शिक्षकांची शिफारस किंवा पालकांचा आग्रह लागे, तिथे ज्यांच्या घरी याची माहितीच नव्हती अशी हुशार मुले मागे राहत, म्हणून मला हा बदल मनापासून योग्य वाटतो.

या मार्गाने आठवीत अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम) होते आणि बारावीत कॅल्क्युलसपर्यंत (कलनशास्त्र) पोहोचता येते. नकार दिल्यास अल्जिब्रा नववीत येते. त्यानंतरही एकाच वर्षी जॉमेट्री (भूमिती) आणि अल्जिब्रा टू घेऊन, किंवा विषय वर्गात न शिकता थेट त्याच्या परीक्षेत ८० टक्के मिळवून ते वर्ष भरून काढणारी मुले असतात, पण तो रस्ता दमवणारा आहे.

प्रतिसाद २

मी सहावी-सातवीला गणित शिकवते. या वर्गात तीन वर्षांचा अभ्यास सहसा दोन वर्षांत बसवलेला असतो, त्यामुळे अपूर्णांक आणि गुणोत्तर यांवर रेंगाळायला वेळ मिळत नाही, आणि माझ्या अनुभवात जी मुले मागे पडतात ती बहुधा तिथेच. आपण घरी एक गोष्ट करून पाहा. मुलीला तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश हे उदाहरण द्या. ती दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणाकार करील आणि तीन द्वितीयांश असे बरोबर उत्तर देईल. मग कागदाची पट्टी देऊन विचारा, की पाऊण पट्टीत अर्ध्या पट्ट्या किती बसतात. दीड हे उत्तर तिने पट्टी दुमडून दाखवले, तर निर्धास्तपणे पाठवा. आपल्या भाषेत पाऊण, सवा, दीड, अडीच हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. जुन्या पिढीला पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) तोंडपाठ असे. त्याचा उपयोग अवश्य करा.

प्रतिसाद ३

नॉर्थ कॅरोलायनातही २०१८ पासून असाच कायदा आहे. तिथे वार्षिक परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळालेल्या मुलाला पालकांच्या लेखी संमतीशिवाय वरच्या वर्गातून काढता येत नाही. आपण मात्र मध्येच वर्ग बदलण्याची मुदत आणि हायस्कूलच्या निकालपत्रात आठवीच्या अल्जिब्राचे गुण धरले जातात का, हे शाळेकडून लेखी घ्या.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. काल पट्टी देऊन पाहिली. ती आधी म्हणाली, "एक, आणि थोडे उरते." उरलेला तुकडा तिने बराच वेळ अर्ध्या पट्टीवर ठेवून पाहिला आणि मग स्वतःच म्हणाली, "हा अर्ध्याचा अर्धा आहे, म्हणजे दीड." आम्ही नकार कळवणार नाही. सुट्टीत रोज एक शाब्दिक उदाहरण चित्र काढून सोडवायचे ठरवले आहे, आणि मुदतीबद्दल शाळेला आजच ईमेल केला आहे.