बहिणीचा पाय पुन्हा मुरगळलाय, सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ:
धाकटी बहीण कॉलेजच्या खो-खो संघात आहे. काल सरावात खांबाला वळसा घेताना उजवा पाय आत मुडपला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला सूज आहे, आज काळंनिळं पडलंय. लंगडत चालते. गेल्या वर्षीही हाच पाय मुरगळला होता. तेव्हा एक्स-रे नॉर्मल आला, क्रेप बँडेज बांधलं आणि सूज उतरल्यावर ती पुन्हा खेळायला लागली. आई म्हणते चोळून घेऊ, आजी आंबेहळद उगाळून बसलीय. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. काय करावं?

फिजिओताई:
चोळणं आणि गरम शेक पहिले काही दिवस अजिबात नको, सूज आणखी वाढते. आजींचा लेप गार असेल आणि कातडी फुटलेली नसेल तर लावू द्या, त्याने बिघडत नाही.

आधी हाडाचं बघू. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, मागच्या कडेने बोटाने दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढचं हाड. यात कुठेही हाडावरच कळ आली, किंवा पडल्यावरही आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नसतील, तर आजच एक्स-रे काढा. लंगडत टाकलेलं पाऊलही धरायचं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हे नियम मांडले, आजही जगभर वापरतात. बोटं बधिर किंवा गार पडली, घोटा वाकडा दिसला, तर दाबून बघत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

शेवंती:
मी तर म्हणेन एमआरआयच काढून घ्या, म्हणजे शंका राहणार नाही.

फिजिओताई:
शेवंतीताई, पहिल्याच आठवड्यात त्याची गरज सहसा पडत नाही. अहवाल काहीही आला तरी सुरुवातीचे उपचार बहुतेक तेच राहतात. काही आठवड्यांनीही दुखणं हटलं नाही किंवा घोटा सारखा दगा देत राहिला, तर जरूर काढावा.

कृष्णाकाठ:
ताई, तुम्ही सांगितलं तसं दाबून पाहिलं. हाडावर दुखत नाही. बाहेरच्या घोट्याच्या पुढे, थोडं खाली खड्ड्यात दाबलं की कळवळते. चार पावलं टाकते.

फिजिओताई:
मग बहुधा लिगामेंटच, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, ताणलंय. बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात, त्यातलं पुढचं सगळ्यात कमकुवत. पाऊल आत वळलं की पहिला ताण त्याच्यावर. ते एक्स-रेत दिसत नाही, म्हणून गेल्या वर्षी ‘नॉर्मल’ आलं तरी इजा झालेलीच होती. सूज उतरली, पण पाऊल वाकडं पडतंय हे ओळखून स्नायूंनी चटकन सावरायचं, ती सवय परत आणलीच गेली नाही. माझ्या मते पाय पुन्हा मुरगळला तो यामुळेच.

या वेळी असं करा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर नडगीकडे बांधा, बोटं निळी पडू देऊ नका, झोपताना सोडा. पाय उशीवर उंच. बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दुखणं कमी होण्यापुरता. सहन होईल तेवढं चालू द्या, नुसतं पडून राहिलं की घोटा आखडतो. दोन-तीन दिवसांनी अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगा. मग दुखऱ्या पायावर उभं राहून दात घासायचे, आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून, शेवटी डोळे मिटून. हे स्पर्धा संपल्यावरही काही महिने चालू ठेवायचं. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे या आठवड्यात दाखवून घ्या, ऑर्थोपेडिककडे लगेच नाही गेलात तरी चालेल.

गडवाट:
ट्रेकला माझाही घोटा वारंवार जायचा. लेस बांधायचा कापडी अँकल ब्रेस घ्या, बुटात मावतो. नुसत्या लवचिक पट्ट्यापेक्षा खूप चांगला.

फिजिओताई:
अनुमोदन. एकदा मुरगळलेल्या पायाला खेळताना ब्रेस किंवा टेपिंग हवंच. सोबत व्यायामही हवा.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार, लेप गारच ठेवलाय. स्पर्धेचं काय?

फिजिओताई:
आत्ता शब्द देऊ नका. त्या पायावर न दुखता लंगडी घालता आली, धावत जाऊन खांबाला वळता आलं आणि दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, तरच उतरवा. सौम्य लचक एक-दोन आठवड्यांत सुधारते, मधली असेल तर तीन ते सहा. सरांना आजच सांगा, म्हणजे तिच्या जागी दुसरी मुलगी तयार ठेवता येईल.