वर्गाबाहेरचा तास: तुमचे अनुभव लिहा, फसलेले आधी

तिसरीला शिकवते, पुण्यात. परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर पिंपळाचं पान काढत होते, आणि खिडकीबाहेर खराखुरा पिंपळ उभा. एक कार्टं म्हणालं, बाई तो बघायलाच जाऊया की. गेलो. चाळीस पोरं दोन जिने उतरवून परत वर आणण्यातच अर्धा तास संपला, पण खाली जाळी पडलेली पानं सापडली आणि शिरा म्हणजे काय हे मला परत सांगावं लागलं नाही. तेव्हापासून आठवड्याला एक तास बाहेर. तुम्ही शाळेतल्या किंवा घरच्या लहान मुलांना असं बाहेर नेऊन काय केलंत ते लिहा.

—

जव्हारकडे जि.प. शाळेवर आहे, दोन शिक्षकी. मी मूळची सोलापूरची, त्यामुळे इथलं रान म्हणजे मला सगळं एकच हिरवं. जूनमध्ये शाळा उघडली की पोरांना म्हणायचं, घरी जी रानभाजी येते तिचं एक पान नाहीतर कोंब आणा. चौथीत एक मुलगा होता, वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं त्याने, वहीत पण कोरी पानं. तो शेवळं घेऊन आला. मी म्हटलं छान, आज घरी करते. तर हा पहिल्यांदा मोठ्याने बोलला, "बाई तशीच नका करू, काकडं घालाय लागतात, नाय तर घसा खाजतो." काकडं म्हणजे काय ते दाखवायला मला शाळेमागच्या झाडापर्यंत घेऊन गेला. मग टाकळा, कुर्डू, करटोली जसजसं उगवत गेलं तसतशा चिठ्ठ्या लावत गेलो, त्यातल्या अकरा त्याने लिहिल्या. शुद्धलेखन वारली बोलीतलं. मी एकही खोडली नाही.

—

आमचं छोटंसं. पहिल्या पावसाला साताऱ्याजवळ गावी लेकीला मृगाचा किडा दाखवला, तो लाल मखमली. ती दुसरीत, शाळेत नुकतंच शिकवलेलं की कीटकाला सहा पाय. मोजून म्हणाली बाबा आठ आहेत. म्हटलं नीट मोज. परत आठ. शेवटी शोधलं तर ती निघाली बरोबर, तो कोळी-गोचिडाच्या कुळातला. बेचाळीस वर्षं मी त्याला किडा म्हणतोय.

—

फसलेले मागितलेत म्हणून. बाटलीचा पर्जन्यमापक केला चौथीच्या तीन गटांकडून. पहिली चूक माझी, कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो हे डोक्यातच आलं नाही, मग सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्य धरलं. एका गटाने बाटली कडुनिंबाखाली ठेवली, त्यांचा पाऊस कायम कमी. आणि एका गटाचा रोज जास्त, एकदा तर दुप्पट! खोदून विचारलं तर म्हणे सर आमच्यावर ढग मोठा होता. नळाखाली धरत होते हो बाटली, पहिला नंबर यावा म्हणून.

—

आमच्या मुलाच्या शाळेची "नेचर ट्रिप" ऐका. चौदाशे रुपये, दोन तास बस, बैलगाडीत बसून फोटो, रेन डान्स, गुलाबजाम. शाळेच्या कुंपणाला लागून ओढा आहे, तिथे जायला बंदी. एकदा एका मॅडमनी नेलं तर युनिफॉर्म मळले म्हणून पालकांच्या ग्रुपवर नुसता गदारोळ. त्यात मी पण होते, खोटं कशाला बोलू.

—

निवृत्त शिक्षक आहे. हे काही नवं खूळ नाही बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा म्हणायचे. खेळणी म्हणाल तर बिया, पानं, खडे. तरुणपणी कोसबाड बघून आलो आणि आमच्या हेडमास्तरांना उत्साहाने सांगितलं, ते म्हणाले आधी हजेरीपत्रक पूर्ण करा.

—

इंग्लंडहून. मुलगी सहा वर्षांची, शुक्रवारी शाळेच्या मागच्या झाडीत फॉरेस्ट स्कूल. पाऊस असला तरी जातात, गमबूट घालून. काठी सोलायला चक्क बटाट्याचं सोलणं देतात, गाठी मारायला शिकवतात. ही कल्पना इकडे १९९३ च्या सुमारास डेन्मार्कच्या बालवाड्या बघून आली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, त्यात काय, तुला भिजू नको म्हणून ओरडून माझा घसा बसायचा.

—

एक सावधगिरी. खाजकुइलीच्या शेंगा आधी स्वतः ओळखायला शिका. मी नव्हतो शिकलो, पाचवीची सतरा पोरं हापशावर रांगेत उभी होती. बिळात हात घालायचा नाही आणि शिट्टी वाजली की सगळे माझ्याकडे, हे दोन नियम आता दरवेळी निघायच्या आधी वदवून घेतो.

—

धागा काढणारी मीच परत. जव्हारच्या ताई, आमच्याकडे शेवळं मिळाली पण काकडं कुठेच नाहीत, काय करू?

—

त्यालाच विचारलं, आता पाचवीत आहे. म्हणतो चिंच चालेल, पण त्या बाईंना सांगा जास्त घाला.