बॅलन्सिंग केलं तरी स्टिअरिंग थरथरतंय, आता काय करू?

घाटवाट_सातारा: गाडी स्विफ्ट, अलॉय व्हील, चारही टायर नवे. ८५ ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं, त्याच्या खाली-वर शांत. मशीनवर बॅलन्सिंग झालंय, स्क्रीनवर दोन्हीकडे शून्य आलं होतं. एक मित्र म्हणतो टायरमध्ये बॅलन्सिंगचे मणी टाक, दुसरा म्हणतो रोड फोर्सवाल्याकडे जा. पैसे कशात घालू?

निशांत८७: अलाइनमेंट करून घ्या.

चाकवाला_कराड: अलाइनमेंट बिघडलं की गाडी एकीकडे ओढते, टायर एका कडेला झिजतो. ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुतेक वेळा चाकातली असते. माझं टायरचंच काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्वी चाक आडवं ठेवून पाणसळीच्या बुडबुड्यावर बॅलन्स करायचे. जड बाजू कळायची, पण आतल्या कडेला एकीकडे आणि बाहेरच्या कडेला बरोबर विरुद्ध बाजूला सारखंच जादा वजन असेल तर बुडबुडा मधोमधच राहतो. फिरताना तेच चाक डावी-उजवीकडे डुलतं. मोटारसायकलचं चाक अरुंद, तिथे ते चालून जातं. कारचं चाक फिरवूनच करायला हवं.

आता तुमचं शून्य. चाक मशीनच्या शाफ्टवर मधोमध बसलं नसेल, चाक मधोमध धरणारा शंकूच्या आकाराचा तुकडा (कोन) चुकीचा असेल, मधल्या भोकात गंज किंवा माती असेल, तर मशीन त्या वाकड्या बसण्याचंच शून्य दाखवतं. शेजारी उभं राहून सांगा: शून्य आल्यावर नट सैल करा, चाक शाफ्टवर अर्धा फेरा सरकवून आवळा, परत फिरवा. पाच ग्रॅमपर्यंत ठीक. पंधरा-वीस दिसले तर बॅलन्सिंग झालेलंच नाही. एवढं करायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडे मी माझी गाडी देणार नाही.

तरीही शून्यच आलं, तर रोड फोर्स. त्यात रोलर टायरवर दाबून फिरवतात, म्हणून टायरचा कडक भाग किंवा रिमचा आउट (रिम नीट गोल नसणं) सापडतो. तो दोष वजनं चिकटवून जात नाही. टायर रिमवर फिरवून बसवावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो.

मणी ट्रकवाले वापरतात. कारमध्ये नको, आत ओल असली की गोळे होतात, व्हॉल्व्हमध्येही अडकतात.

घाटवाट_सातारा: दादा, जुनी वजनं न काढता शेजारीच नवी चिकटवली आहेत. चालतं का?

चाकवाला_कराड: अजिबात नाही. सगळी काढायला लावा, रिम आतून घासून कोरडी करा, मगच मशीनवर चढवा. पावसाळ्यात रिमच्या आत वाळलेला चिखलसुद्धा थरथर आणतो.