उभ्या गाडीला मागून धडक बसली, तरी "चूक माझी" म्हणून सही मागतात. सोमवारपर्यंत काय करू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पार्सलची गाडी चालवतो. बंद बॉडीचा छोटा हत्ती. गाडी व्हेंडरची, माल एका मोठ्या कंपनीचा, पगार व्हेंडरकडून, महिना १९,५००. हब नऱ्ह्यात, रूट धायरी आणि नांदेड फाटा. नऊ वर्षं स्टेअरिंगवर आहे, आजवर माझ्या हातून कोणाला ओरखडा गेलेला नाही. नवले पुलाचा उतार रोज उतरतो. अपघात म्हणजे काय हे मी फार जवळून पाहिलंय, त्यामुळे सुरक्षेच्या विरोधात मी बोलतोय असं कृपया समजू नका.

गेल्या मंगळवारी धायरीत एका सोसायटीबाहेर गाडी लावली. आत न्यायला वॉचमन देत नाही, तसा बोर्डच आहे गेटवर. डाव्या कडेला, गटाराच्या झाकणाला चाक टेकेल इतकी आत घेतली. इंजिन बंद, हँडब्रेक, पहिला गिअर, मागचं कुलूप, चावी खिशात. तिसऱ्या मजल्यावर गेलो. मावशींना ओटीपी सापडेना, मुलाला फोन लावत होत्या. तेवढ्यात खाली आवाज झाला. आधी पार्सल द्यावं की धावावं हे क्षणभर कळलं नाही. ओटीपी टाकला आणि पळालो.

एक कॉलेजचा मुलगा दुचाकी घेऊन माझ्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर आदळला होता. केबल टाकायला रस्ता खोदलाय, वरची खडी पावसाने सगळीकडे पसरली आहे, तिच्यावरून त्याचं चाक घसरलं. मनगट सुजत चाललं होतं, हनुवटीतून रक्त. तो एकच म्हणत होता, "काका, घरी सांगू नका." समोरच्या किराणा दुकानदारांना गाडीकडे लक्ष ठेवायला सांगितलं, मुलाला रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या आईला मीच फोन केला. ती आली तशी मी निघालो. पाऊण तास गेला. सहा पार्सल राहिली.

माझ्या गाडीचा मागचा दिवा फुटला, बंपर आत गेला, दाराची कडी वाकली.

आता कंपनीचं म्हणणं ऐका. एक, गाडी "असुरक्षित ठिकाणी" लावली. दोन, मालासह गाडी सोडून गेलो. तीन, अर्ध्या तासात ॲपवर अपघाताची नोंद केली नाही. ती वेळ मी त्या मुलाचं मनगट धरून रिक्षात बसलो होतो. व्हेंडर ११,८०० रुपये तीन पगारांतून कापणार म्हणतो आणि वर १,५०० "सेफ्टी दंड". विम्याचं विचारलं तर म्हणाला, "क्लेम केला की माझा बोनस जातो, चार वर्षं क्लेम नाहीये."

पैशापेक्षा मला जास्त लागलंय ते त्या फॉर्मचं. एका पानाचा आहे. "अपघाताचं मूळ कारण" असं लिहून खाली चार चौकटी: घाई, दुर्लक्ष, थकवा, नियमभंग. पाचवी चौकट नाही. समोरच्याची चूक, खराब रस्ता, पाऊस, यातलं काहीच नाही. खाली छापील ओळ: "हा अपघात मला टाळता आला असता." आणि सहीची जागा. मी पेन घेऊन दहा मिनिटं बसलो, कुठे टिक करू हेच समजेना. सुपरवायझर म्हणाला, "सही कर, बाकी मी बघतो." सोमवारी सही नसली तर आयडी बंद.

बाकीच्या नियमांचंही थोडं सांगतो, म्हणजे चित्र कळेल. रिव्हर्स शक्यतो घ्यायचा नाही, घ्यायचाच तर हेल्परने मागे उतरून हात दाखवायचा. हेल्पर दिवाळीनंतर काढून टाकले. धायरीच्या गल्ल्यांतून रिव्हर्स न घेता बाहेर कसं पडायचं हे कोणी येऊन दाखवावं, मी शिकायला तयार आहे. प्रत्येक थांब्याला गाडीभोवती फेरी मारून चाकाखाली ठोकळा लावायचा, निघताना काढून पुन्हा फेरी. दोन मिनिटं धरा. माझे रोजचे ७० थांबे. म्हणजे १४० मिनिटं, दोन तास वीस मिनिटं नुसती त्यातच. रूट काढताना ही वेळ धरलेलीच नाही. ठोकळा लावला तर पार्सल राहतात आणि बोलणी बसतात. नाही लावला तर काही झाल्यावर "नियमभंग" लिहून मोकळे. केबिनमधला कॅमेरा आरशात जरा जास्त वेळ पाहिलं की "लक्ष विचलित" म्हणून ओरडतो. अरुंद गल्लीत डावीकडे शाळकरी पोरं चालत असताना आरशात नाही बघायचं तर कुठे बघायचं?

सीटबेल्ट, फोनबंदी, वेगमर्यादा याला माझी मुळीच ना नाही. हे नियम नसते तरी मी पाळले असते.

प्रश्न असे:
सही केली नाही तर खरंच कामावरून काढू शकतात का?
पगारातून असे पैसे कापता येतात का?
माझी बाजू लेखी कशी मांडू? अर्जाची भाषा मला जमत नाही.

घरी बायको म्हणते सही करून टाका, पोरीची फी भरायची आहे. तिचंही चुकत नाही.

*

प्रतिसाद – घाटमाथा

दादा, आधी सही करू नका. मी तीस वर्षं मालट्रक चालवला. एकदा कागदावर "मला टाळता आला असता" लिहून दिलंत की पुढच्या वेळी तोच कागद काढून दाखवतात.

दुसरं, आजच त्या किराणा दुकानात जा. बाहेर कॅमेरा असेल तर मंगळवारचं रेकॉर्डिंग मोबाईलवर घ्या. बऱ्याच दुकानांत आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. आणि तुमच्या ॲपमध्ये त्या मावशींच्या पार्सलला "पोहोचलो" कधी दाबलं आणि ओटीपी कधी टाकला, त्या वेळांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आयडी बंद झाला तर ते दिसायचं नाही.

मुलाला दवाखान्यात नेलंत, ते फार चांगलं केलंत.

*

प्रतिसाद – कोर्टाची पायरी

कामगार प्रकरणं पाहते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गाडी सोडून गेल्याबद्दल ठपका ठेवतात ना? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४ वाचा. अपघातात कोणी जखमी झालं तर त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. अपवाद आहे तो जमाव अंगावर आला किंवा हाताबाहेरचं काही कारण घडलं तर, एवढाच. कंपनीचा अंतर्गत नियम कायद्याच्या वर जात नाही. अर्जात हे कलम आकड्यासकट लिहा.

त्याच कलमात जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात माहिती द्यायची आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असं आहे. तुमच्या लिहिण्यात पोलिसांचा उल्लेख नाही. कळवलं नसेल तर उशीर झाला तरी आता जा, घडलं तसं साध्या भाषेत लिहून द्या, पोच घ्या. मुलाविरुद्ध तक्रार करायची नाही हेही त्यातच लिहू शकता. हे टाळू नका. उद्या मुलाच्या घरच्यांचं मन बदललं तर तुमचा कागद आधीचा असेल.

पगारकपात. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नुकसानीपोटी कपात करायची तर नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेलं असावं लागतं, कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. आधीच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही हेच होतं, नवीन काही नाही. तुमची गाडी बंद होती, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर होता. यात निष्काळजीपणा कोणता, हे त्यांनी दाखवायचं आहे. म्हणूनच त्यांना तुमची सही हवी आहे.

दंडाचे नियम तर आणखी कडक आहेत. कोणत्या कृत्यांना दंड होणार त्याची यादी सरकारच्या पूर्वमंजुरीने आधी लावलेली असावी लागते आणि एका पगारात एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. १९,५०० धरले तर ५८५ रुपये. १,५०० कुठून आले ते लेखी विचारा.

कामावरून काढण्याबद्दल: "आयडी बंद" असं तोंडी सांगतील, कागद देणार नाहीत. म्हणून तुमचा अर्ज त्याआधी त्यांच्या हातात पडलेला हवा. नंतर काढलं तर कशामुळे काढलं ते तारखांवरूनच दिसतं. पण नोकरी नक्की टिकेल असा शब्द मी देणार नाही, व्हेंडरच्या कामात ती भीती खरी आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मोफत सल्ला मिळतो. फोन १५१००.

*

प्रतिसाद – चाक आणि चकती

मी एका वाहतूक कंपनीत सुरक्षा विभागात होतो, तुमच्या नव्हे. असे फॉर्म मी स्वतः भरून घेतले आहेत आणि आता त्याचं वाईट वाटतं.

"टाळता येण्याजोगा अपघात" ही कल्पना अमेरिकेतल्या मालवाहतुकीतून आली. चालकाला पुढे काय शिकवावं हे ठरवायला ती होती, पैसे वसूल करायला नव्हती. अमेरिकेच्या सरकारी ट्रकसुरक्षा खात्याचा २०२० पासून असे अपघात तपासण्याचा कायमस्वरूपी कार्यक्रम आहे. ट्रकचालकाला टाळता न येणारे म्हणून जे प्रकार तिथे तपासायला घेतात, त्यांत "मागून धडक बसली" आणि "नियमाने उभ्या असलेल्या गाडीला धडक बसली" हे दोन्ही आहेत. तुमचा अपघात दोन्हींत बसतो. कंपनीच्या सेफ्टीवाल्याशी बोलायची वेळ आली तर हे नक्की सांगा, त्याला समजेल.

व्हेंडरच्या बोनसचं गणित असं: सलग चार वर्षं क्लेम नसेल तर विम्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ४५ टक्के सूट मिळते. क्लेम केला की ती शून्यावर येते. सूट वाचली तर ती त्याच्या खिशात, आणि ती वाचवायला पैसे तुमच्या पगारातून. विमा मालकाच्या नावाचा आहे, क्लेम करायचा की नाही ते तो ठरवेल. पण न करण्याचा खर्च तुमच्यावर टाकता येत नाही, हे अर्जात एका ओळीत येऊ द्या.

*

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर धावपळीत गेलो.

दुकानदार काकांनी रेकॉर्डिंग दिलं. त्यात १२:३९ ला मुलगा घसरताना स्वच्छ दिसतो. ॲपवर मी १२:३६ ला "पोहोचलो" दाबलंय आणि ओटीपी १२:४१ ला टाकलाय. व्हिडिओत गाडीची मागची लाल लाइटही बंद दिसते. तो व्हिडिओ चार वेळा पाहिला तेव्हा कुठे रात्री झोप लागली. चार दिवस सगळे मलाच सांगत होते, तेव्हा मलाही वाटायला लागलं होतं की गाडी आणखी वीतभर आत घ्यायला हवी होती.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, शिक्का मारून पोच मिळाली. मुलाच्या आईने स्वतःहून दोन ओळी लिहून दिल्या, की गाडी कडेला उभी होती आणि मीच दवाखान्यात आणलं. मनगटाला प्लास्टर आहे, बाकी ठीक आहे.

व्हेंडरला द्यायचा अर्ज असा लिहिलाय, चुकलं असेल तर सांगा:

"दि. … रोजी दुपारी १२:३९ वाजता माझ्या ताब्यातील वाहन इंजिन बंद व कुलूपबंद अवस्थेत रस्त्याच्या डाव्या कडेला उभे असताना एका दुचाकीची मागून धडक बसली. त्या वेळी मी तिसऱ्या मजल्यावर पार्सल देत होतो. जखमीस दवाखान्यात नेणे मोटार वाहन कायदा कलम १३४ प्रमाणे माझे कर्तव्य होते. अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झालेला नाही, म्हणून आपल्या छापील फॉर्मवर मी सही करू शकत नाही. माझे म्हणणे हेच माझे निवेदन समजावे. विम्याचा दावा करावा, कपात व दंड यांस माझी संमती नाही. दंड कोणत्या नियमाखाली लावला ते लेखी कळवावे."

आणखी एक. हबमधल्या चौघांनी गेल्या वर्षभरात असेच फॉर्म भरून दिलेत. एकाचे तर सोसायटीचं गेट वाऱ्याने गाडीवर आपटलं म्हणून ६,००० कापले. मी हा धागा त्यांना वाचून दाखवला. त्यांना आता काही करता येईल का?

*

प्रतिसाद – कोर्टाची पायरी

अर्ज छान झालाय. "संमती नाही" ते वाक्य शेवटी वेगळ्या ओळीत घ्या, बाकी एक शब्दही बदलू नका. व्हिडिओची मूळ फाइल देऊ नका, प्रत द्या.

चौघांनाही दावा करता येईल. वेतन संहितेत त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. सही केली म्हणून सगळं संपलं असं नाही, म्हणणं मांडायची संधी दिली होती का हा प्रश्न उरतोच. पगाराच्या पावत्या आणि बँकेची नोंद गोळा करून चौघांनी एकत्रच कामगार आयुक्त कार्यालयात जावं. एकेकटे गेलात तर एकेकाला बोलावून समजावतात.

*

धागाकर्ता

चौघांना आत्ताच फोन केला. दोघे हो म्हणाले, एक विचार करून सांगतो म्हणाला, गेटवाल्याने अजून उचलला नाही. सोमवारी साडेसातला लोडिंगच्या आधी अर्ज देणार आहे. त्याने पोच द्यायला नकार दिला तर काय करायचं, एवढं कोणीतरी सांगा.

*

प्रतिसाद – घाटमाथा

अर्ज समोर धरून, तारीख दिसेल असा फोटो काढा आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. मग त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. व्हेंडरला एक, कंपनीच्या पुणे ऑफिसला एक. आणि दादा, सोमवारी हबला जाताना त्या दोघांपैकी एकाला बरोबर घ्या.