गाडीचा एसी नीट गार करत नाही? काय निघालं ते इथे लिहा

एसीचा गारवा कमी झाला की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, गॅस संपलाय, भरून घ्या. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. आणि बऱ्याच वेळा तर गॅस बरोबर असतो, दुखणं वेगळंच असतं. म्हणून नुसतं "गार होत नाही" असं नको, कधी होत नाही ते लिहा, गाडी उभी असताना, पळताना की बऱ्याच वेळाने, आणि शेवटी काय सापडलं तेही.

*

माझ्याकडे सिग्नलला थांबलं की कोमट हवा आणि हायवेला लागलं की मस्त गार. गॅस कमी असला तरी असं होऊ शकतं, पण आधी फॅन बघायचं ठरवलं. एसी चालू ठेवून बॉनेट उघडलं, कंडेन्सरचा (रेडिएटरपुढची, गॅस गार करणारी जाळी) फॅन फिरतच नव्हता, मोटर गेलेली. ती बदलल्यापासून ट्रॅफिकमध्येही गार. फॅन फिरत असेल तर कंडेन्सरच्या जाळीत माती, किडे अडकलेत का बघा आणि पाणी हलक्या धारेने मारा, प्रेशर वॉशर जवळून मारला की त्या बारीक पत्र्या वाकतात आणि हवा आत जायचीच बंद होते.

*

आमचं बरोब्बर उलटं. निघताना छान, मग लांबच्या प्रवासात हळूहळू हवाच कमी कमी, ब्लोअर फुल आवाज करतोय पण तोंडावर झुळूकसुद्धा नाही. एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की थोड्या वेळात हवा परत यायची आणि गाडीखाली नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी. कूलिंग कॉइलवर, म्हणजे डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या जाळीवर, बर्फ धरत होता. केबिन फिल्टर धुळीने गच्च होता तो बदलला, तरी बर्फ धरायचाच. शेवटी कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर खराब निघाला, कॉइल गोठायला लागली तरी कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) थांबतच नव्हता.

*

माझा फक्त फिल्टर. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, आत वाळकी पानं. बदलला, काम झालं.

*

दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच, गळती शोधा म्हटलं तर कुणी मनावर घेत नव्हतं, याचा फार राग येतो मला. मग एकाने गॅसबरोबर डाय, म्हणजे गळती दाखवणारा रंग, टाकला, नंतर यूव्ही लाइट मारला तर पाइपच्या जॉइंटवर हिरवंगार चमकलं. एवढीशी ओ-रिंग, जॉइंटमधली रबरी कडी! ती बदलून, व्हॅक्यूम करून गॅस भरला, तेव्हापासून हात लावावा लागलेला नाही. व्हॅक्यूम टाळू देऊ नका, आतली हवा आणि ओल त्यानेच निघते.

*

ड्रायव्हरच्या बाजूला गार, शेजारी कोमट, आणि डॅशबोर्डमागून टकटक आवाज. गार-गरम हवा मिसळणारी झडप फिरवणारी छोटी मोटर गेली होती. मात्र काही गाड्यांत गॅस कमी झाल्यावरही असाच दोन बाजूंत फरक पडतो, म्हणून आधी गॅस तपासून घेतला ते बरं झालं.

*

मी हेच काम करतो म्हणून दोन गोष्टी. गॅस वजनावर भरतात, किती ग्रॅम आणि कोणता, आर-१३४ए की नवीन गाड्यांतला आर-१२३४वायएफ, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, तिथे कंपनीने सांगितलेलंच ऑइल हवं, साध्या गाडीच्या एसीचं पॅग ऑइल गेलं तर इन्सुलेशनचा फॉल्ट, म्हणजे वीज जाऊ नये तिथे झिरपणं, येऊ शकतो. आणि मशीनने जुना गॅस ओढून काढतात तेव्हा किती ग्रॅम निघाला ते नक्की विचारा. स्टिकरवरच्या आकड्याच्या जवळपास असेल तर गळती शोधण्यात वेळ घालवू नका, फॅन, फिल्टर, झडप इकडे वळा.